डेक वरून नाही, खालून बघायचा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज मी सुतारकामावर बोलणार आहे. हसू नका. सुतारकाम करायला नाही, सुतारकाम करून घ्यायला शिकायचं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपल्याला कुणी शिकवत नाही. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घेऊन बसा, मध्ये थोडा हिशेब आहे.

आमच्या गटाचं कोकणात छोटं घरगुती पर्यटन आहे. दोन खोल्या आणि जेवण. पाहुण्यांना संध्याकाळी बसायला म्हणून आम्ही गटाच्या कर्जातून घराला लागून एक डेक करून घेतला. डेक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीपासून उचललेला, वर छप्पर नसलेला लाकडी ओटा म्हणजे डेक. आपल्या घरातला माळा उघड्यावर आणून ठेवला तर जसा दिसेल तसा. आमचा डेक १२ फूट लांब, १० फूट रुंद होता. वरून पॉलिश केलेला, चकचकीत. फोटोत फार छान दिसायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत पाहुणे आणि आमच्या बायका मिळून १८ जणी-जण फोटोसाठी भिंतीकडच्या बाजूला उभे राहिले. कडकड आवाज झाला आणि भिंतीकडची बाजू खाली बसली. नशीब एवढंच, की डेक जमिनीपासून तीनच फूट उंच होता. आमच्या गटातल्या एका काकींचा पाय फळ्यांमध्ये अडकून मोडला. दीड महिना त्यांना प्लास्टर होतं. भात कापणीचे दिवस, आणि घरात करती बाई तीच.

ज्याने काम केलं होतं त्याला बोलावलं. तो म्हणाला, "तुम्ही माणसं जास्त चढवलीत." आम्ही गप्प बसलो. आम्हाला वाटलं, चूक आपलीच. त्या काकीसुद्धा म्हणाल्या, "मीच जाड, माझ्यामुळेच मोडलं."

मैत्रिणींनो, आज हे भाषण मी त्या एका वाक्यासाठी देते आहे. कारण ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे साध्या गुणाकाराने कळतं.

वजनाचा हिशेब

एका माणसाचं वजन सरासरी ६० किलो धरा. १८ माणसं म्हणजे १,०८० किलो. एक टनाहून थोडं जास्त. आता डेकला किती वजन पेलता आलं पाहिजे? आपल्या देशात इमारतीवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक आहे, आय.एस. ८७५. त्यात राहत्या घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरायला सांगितलं आहे. जिथे लोक गर्दीने उभे राहतात त्या जागेला सुमारे ५०० किलो.

आमचा डेक १२ गुणिले १०, म्हणजे १२० चौरस फूट. चौरस मीटरमध्ये साधारण ११. त्याला ३०० ने गुणा. तीन हजार तीनशे किलो झाले. म्हणजे नीट बांधलेला डेक आमच्यासारख्या पन्नास जणींना पेलायला हवा होता. सगळे एका बाजूला उभे होते हे खरं, पण माणसं नेहमी एका बाजूलाच जमतात. जिकडे खाडी दिसते, जिकडे फोटो चांगला येतो तिकडे. बांधणाऱ्याने हे आधीच धरायचं असतं. पाहुण्यांसाठीच्या डेकला तर ५०० चाच आकडा धरून बांधायला सांगा.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत घराला लाकडी डेक आणि लाकडी गॅलऱ्या सर्रास असतात. तिथल्या शिकागो शहरात २९ जून २००३ रोजी एका घराच्या मागच्या बाजूच्या लाकडी गॅलऱ्या पार्टी चालू असताना एकावर एक कोसळल्या. १३ जण गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. तिथेही पहिल्यांदा गर्दीकडेच बोट दाखवलं गेलं, आणि मग बांधकामातले दोष निघाले. त्यानंतर त्या शहरात अशा गॅलऱ्यांची कडक तपासणी सुरू झाली. आपल्याकडे तपासायला कुणी येणार नाही. आपल्यालाच वाकून बघावं लागेल.

डेक कशावर उभा असतो

आम्ही शेवटी शेजारच्या वाडीतल्या एका जुन्या मेस्त्रींना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे. ते आले, वरच्या फळ्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बॅटरी घेतली आणि सरळ डेकच्या खाली शिरले. बाहेर येऊन त्यांनी आम्हालाही एकेकीला खाली जायला लावलं. तिथे आम्ही जे शिकलो ते सांगते.

डेकवर उभ्या माणसाचं वजन पायरी-पायरीने खाली उतरतं. माणसाकडून फळ्यांवर, फळ्यांकडून कड्यांवर, कड्यांकडून तुळईवर, तुळईकडून खांबांवर, खांबांकडून पायावर आणि पायाकडून जमिनीत. ही साखळी आहे. साखळीत एक कडी कच्ची असली की बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नाही. आणि कच्चं असतं ते बहुतेक वेळा लाकूड नाही, दोन लाकडांमधला सांधा.

एकेक भाग बघू.

पाया. भुसभुशीत माती काढून कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणायचं. वर काँक्रीटचा किंवा दगडी पाया जमिनीच्या वर थोडा उचलून घ्यायचा.

खांब. लाकडी खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडू नये. तिथे पाणी साठतं आणि खांब आतून कुजतो, वरून दिसतही नाही. आपल्या जुन्या घरात बघा, प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा असतो. तो शोभेसाठी नाही, खांबाचा पाय कोरडा राहावा म्हणून आहे. आता तेच काम लोखंडी बूट करतो. काँक्रीटमध्ये बसवलेली ही लोखंडी बैठक खांबाला जमिनीपासून बोटभर वर धरून ठेवते.

तुळई आणि कड्या. तुळई खांबाच्या डोक्यावर बसलेली हवी, खांबाच्या बाजूला नुसती ठोकलेली नको. डोक्यावर बसली तर वजन लाकूड पेलतं. बाजूला ठोकली तर सगळं वजन खिळे पेलतात. कड्यांमधलं अंतर फळीच्या जाडीवर ठरतं. एक इंच जाडीच्या फळीला सव्वा फुटापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर फळी पायाखाली लचकते.

तिरकस आधार. उंच डेकला खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार द्यावा लागतो. तो नसला की माणसं चालताना डेक डुलतो, आणि डुलून डुलून सांधे सैल होतात.

भिंतीचा जोड. आमचा डेक मोडला तो इथे. भिंतीकडच्या बाजूला खांबच नव्हते. भिंतीला एक आडवी पाटी ठोकून कड्यांची टोकं तिच्यावर टेकवली होती. आमची भिंत जांभ्याची. जांभ्यात लाकडी गुट्ट्या मारून त्यात खिळे ठोकले होते. पाटी आणि भिंत यांच्या मध्ये दोन पावसाळे पाणी मुरलं, गुट्ट्या कुजल्या, खिळे गंजले. त्या दिवशी खिळे नुसते उपसून बाहेर आले. मेस्त्रींनी एक खिळा आमच्या हातावर ठेवला. काडीसारखा झाला होता.

म्हणून लक्षात ठेवा. जिथे वजन लटकतं तिथे खिळा चालत नाही. तिथे आरपार नटबोल्ट आणि दोन्हीकडे वायसर हवेत. आणि भिंत जांभ्याची किंवा जुन्या मातीच्या जोडाची असेल, तर डेक भिंतीला लटकवूच नका. भिंतीकडूनही स्वतंत्र खांब घ्या आणि भिंत व डेक यांच्यात दोन बोटं फट सोडा. दोन-तीन खांबांचा खर्च वाढतो, पण भिंतही वाचते.

कठडा. डेक उंच असेल तर कठडा किमान १ मीटर, म्हणजे सव्वातीन फूट तरी उंच हवा. दोन दांड्यांमधली फट चार इंचांपेक्षा कमी हवी, म्हणजे लहान मुलाचं डोकं अडकणार नाही. कठड्याचे खांब कड्यांना बोल्टने जोडलेले असावेत, वरच्या फळीवर स्क्रूने उभे केलेले नकोत. माणूस टेकतो तेव्हा सगळा जोर त्या मुळाशी येतो.

लाकूड आणि लोखंड

उघड्यावरच्या कामाला झाडाच्या आतलं गडद गाभ्याचं लाकूड हवं. बाहेरचं पांढरट लाकूड सागवानाचं असलं तरी कीड आणि बुरशी त्याला लवकर धरते. साग सगळ्यात चांगला, पण महाग. फणसाचा गाभाही टिकतो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण पावसात ते टिकत नाही, आणि वाळवीचं ते आवडतं खाणं. घरातल्या खोक्याला चालेल, डेकला नको.

स्वतःच्या बागेतलं झाड तोडून लाकूड काढायचं असेल तर आधी वनविभागात विचारा. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपल्या जमिनीत असलं तरी परवानगी लागते, आणि लाकूड वाहून न्यायला पासही. खाडीच्या किंवा समुद्राच्या काठाजवळ बांधायचं असेल तर किनारपट्टीचे नियम लागू होतात. ग्रामपंचायतीत लेखी विचारून मगच खड्डा खणा.

लोखंडाचं म्हणाल तर साधे खिळे-स्क्रू उघड्यावर वापरूच नका. जस्ताचा मुलामा दिलेले, म्हणजे जी.आय.चे घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टील बरं, त्यातही ३१६ नंबरचं खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

फळ्या बसवताना दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट हवी. पाणी खाली गळून जातं आणि लाकूड लवकर वाळतं. फक्त लाकूड ओलं असेल तर ते पुढे आकसतं आणि फटी रुंदावतात, म्हणून वाळलेलं लाकूडच घ्या.

मेस्त्री कसा निवडायचा

आता मुख्य गोष्ट. काही कामं आपण गटातच करू शकतो. झाडणं, धुणं, शेवाळ काढणं, तेल लावणं, सैल स्क्रू आवळणं. पण पाया, खांब, तुळई, भिंतीचा जोड आणि कठडा या पाच गोष्टींना जाणकार हात लागतो. तिथे पैसे वाचवू नका.

किमान तिघांकडून अंदाजपत्रक घ्या, आणि तिघांना एकच कागद द्या. लांबी, रुंदी, उंची, किती माणसं उभी राहणार, कोणतं लाकूड, कोणते बोल्ट. प्रत्येकाने वेगळ्याच कामाचा भाव सांगितला तर तुलना होत नाही.

मग प्रत्येकाला हे प्रश्न विचारा.

पहिला, दोन पावसाळे काढलेलं तुमचं एखादं काम दाखवाल का? नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

दुसरा, खांबाचा पाय जमिनीपासून कसा वर ठेवणार?

तिसरा, भिंतीचा जोड कसा करणार? "खिळे मारतो, काही होत नाही" असं उत्तर आलं तर चहा द्या आणि निरोप द्या.

चौथा, लाकूड कोणतं, कुठून आणणार, आणि त्याची पावती मिळेल का?

पाचवा, काम तुम्ही स्वतः करणार की दुसऱ्याला देणार?

चांगला मेस्त्री अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट खूश होतो. आमचे मेस्त्री तर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला तळखड्याबद्दल विचारलं.

लाकडाचा हिशेब आपल्याला आलाच पाहिजे. लाकूड घनफुटावर विकतात. सूत्र सोपं आहे. लांबी फुटात, रुंदी इंचात, जाडी इंचात. तिघांचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. १० फूट लांब, ६ इंच रुंद, २ इंच जाड कडी घ्या. १० गुणिले ६ गुणिले २ म्हणजे १२०. भागिले १४४. उत्तर ०.८३ घनफूट. अशा १२ कड्या म्हणजे १० घनफूट. लाकूड गाडीतून उतरलं की टेप घेऊन दोघीजणी मोजा आणि वहीत लिहा. आम्ही मोजलं तेव्हा दोन इंच सांगितलेल्या काही कड्या पावणेदोन इंचांच्या निघाल्या. भांडण झालं नाही. वही दाखवली, तेवढे पैसे कमी झाले.

काम रोजंदारीवर द्यायचं की उक्तं? नवा डेक असेल तर उक्तं द्या, म्हणजे खर्च आधी ठरतो. जुन्याची दुरुस्ती असेल तर किती कुजलंय हे उघडल्याशिवाय कळत नाही, तिथे रोजंदारी बरी, पण रोजचं काम आणि रोजचे पैसे वहीत लिहून दोघांची सही.

पैसे टप्प्याने द्या. आम्ही दर १०० रुपयांची अशी वाटणी केली. ठरवताना २०. लाकूड येऊन मोजल्यावर ३०. सांगाडा उभा राहिल्यावर ३०. काम पुरं झाल्यावर १०. आणि शेवटचे १० पहिल्या पावसाळ्यानंतर. हे सगळं साध्या कागदावर लिहिलं, मेस्त्रींनी आणि गटाच्या अध्यक्ष-सचिवांनी सह्या केल्या. एक मात्र पाळा. ठरलेला टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. मेस्त्रीच्याही घरी चूल आहे. पैशासाठी त्याला आपण चार खेपा घालायला लावल्या तर पुढच्या वेळी तो आपल्याकडे मन लावून काम करणार नाही.

आणि तिसऱ्या टप्प्याचा नियम पक्का ठेवा. सांगाडा उभा झाला, फळ्या अजून बसल्या नाहीत, तेव्हा काम थांबवून सगळ्यांनी बघायचं. प्रत्येक सांध्याचा मोबाइलवर फोटो घ्या. एकदा फळ्या बसल्या की खालचं झाकलं जातं. दोष शोधायची हीच वेळ.

वर्षाची निगा

वर्षातून दोनदा डेकखाली शिरा. पावसाआधी मे महिन्यात आणि पावसानंतर ऑक्टोबरमध्ये. हातात बॅटरी आणि एक डिसमिस घ्या. खांबाचा पाय, तुळईची टोकं, भिंतीकडची बाजू इथे डिसमिसचं टोक दाबून बघा. लाकूड चांगलं असेल तर टोक शिरत नाही. लोण्यासारखं आत गेलं तर तो भाग कुजला आहे. ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आतून कीड आहे. खांबावर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवी. बोल्टभोवती काळे-तांबडे ओघळ म्हणजे गंज. मग कठड्याला दोन्ही हातांनी जोरात हलवा. हलला तर दुरुस्त होईपर्यंत पाहुण्यांना डेक बंद.

डेकखाली सरपण, नारळाच्या झावळ्या, जुनी पोती रचू नका. तिथे ओल राहते आणि वाळवीला शिडी मिळते.

तेल कधी लावायचं? फळीवर चार थेंब पाणी टाका. थेंब मोत्यासारखे राहिले तर तेल अजून आहे. पाणी मुरलं तर तेल लावायची वेळ झाली. लाकूड चांगलं वाळल्यावर, पाऊस नसताना, पातळ दोन हात द्या. गाडीचं जळकं ऑइल लावू नका. ते निसरडं होतं, आग लवकर धरतं आणि पावसात वाहून विहिरीत जातं. काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे लाकडाला लावतात, कीड लागत नाही. पण काजू कारखान्यात काम केलेल्या बायकांना विचारा, त्याने हाताला कसे फोड येतात. जिथे पाहुणे अनवाणी बसतात तिथे ते नको. जवसाचं तेल लावलंत तर एक काळजी घ्या. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा, मगच टाका.

आमचा नवा डेक आता उभा आहे. भिंतीला कुठेही चिकटलेला नाही, आठ खांबांवर स्वतंत्र. पहिल्याइतका चकचकीत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर मेस्त्री आले, खाली शिरून त्यांनी सगळं बघितलं, आणि आम्ही राहिलेले दहा टक्के त्यांच्या हातात दिले. त्या वेळी बॅटरी धरून त्यांच्याबरोबर खाली कोण शिरलं माहीत आहे? पाय मोडलेल्या काकी. आता मे आणि ऑक्टोबरची तपासणी गटाने त्यांच्याकडेच दिली आहे. डिसमिस त्यांच्या फडताळात असतो.

तुमच्याकडे डेक नसेल. पण माळा असेल, गोठ्याचा सांगाडा असेल, अंगणवाडीचा लाकडी जिना असेल, ओढ्यावरचा साकव असेल. वजन सगळीकडे सारखंच खाली उतरतं, आणि पाणी सगळीकडे सारखंच मुरतं. पुढच्या वेळी कुणी "माणसं जास्त चढली" म्हणालं तर गप्प बसू नका. माणसं मोजा, ६० ने गुणा, आणि मग खाली वाकून सांधा बघा.

येत्या बैठकीत टेप आणि वही घेऊन एक तरी लाकूड मोजून बघा. पुन्हा भेटूच. नमस्कार.